मीठ, कार्ड, काडेपेटी आणि तारांकित प्रश्न: १९२१ ते १९३९ च्या प्रश्नोत्तरांनी नेमकं काय साधलं?

आणेवारी

ब्रिटिश काळातल्या केंद्रीय विधानसभेचा विषय निघाला की एक शेरा ठरलेला असतो. सरकार सभागृहाला जबाबदार नव्हतं, मग तिथले प्रश्न म्हणजे तोंडाची वाफ. मीठ, पोस्टकार्ड, काडेपेटी, साखर, कापड असल्या रोजच्या जिनसांवरची प्रश्नोत्तरं सलग वाचली तर हा शेरा टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे. म्हणून हा धागा.

आधी चौकट. सभागृह १४५ जणांचं. १०४ निवडून आलेले, ४१ नेमलेले, आणि नेमलेल्यांत २६ सरकारी अधिकारी. हिवाळ्यात दिल्ली, पावसाळा सरताना सिमला. दिवसाचा पहिला तास प्रश्नांचा: तोंडी उत्तर मागणारा प्रश्न तारांकित, आणि त्या उत्तराला जोडून लगेच विचारलेला तो उपप्रश्न. दिल्लीत 'मंत्री' नव्हतेच; उत्तर द्यायला उभे राहत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद. वित्ताला ब्लॅकेट, मग शूस्टर, मग ग्रिग. वाणिज्याला इन्स, रेनी, भोर. खरे मंत्री प्रांतांत होते, त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहीलच.

प्रश्नाचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला, पण उपप्रश्न नव्हता. १९०९ नंतर उपप्रश्न आला, तोही ज्याने मूळ प्रश्न दिला त्यालाच. १९१९ च्या सुधारणांनंतर कुणाही सभासदाला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि माझ्या मते खरी फट इथेच पडली. मूळ उत्तर खात्याने आठवडाभर घासूनपुसून लिहिलेलं असे. उपप्रश्नाला मात्र साहेबाला स्वतःच्या डोक्याने उभं राहावं लागे.

आता मीठ. कर मणाला १ रुपया ४ आणे (१६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा). मण चाळीस शेरांचा, म्हणजे शेराला अर्धा आणा. १९२२ साली सरकारने हा कर दुप्पट, म्हणजे २ रुपये ८ आणे करायचं ठरवलं. त्याच अंदाजपत्रकात देशी गिरण्यांच्या कापडावरची अबकारी (इथेच तयार होणाऱ्या मालावरचा कर) साडेतीनवरून साडेसात टक्के करायचाही बेत होता. सभागृहाने दोन्ही वाढी फेटाळल्या आणि सरकारने ते मुकाट मान्य केलं. १९२३ ला ब्लॅकेटसाहेबांनी मिठाची तीच वाढ पुन्हा आणली. सभागृहाने पुन्हा फेटाळली. या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने विधेयक प्रमाणित करून, म्हणजे सभागृहाचा नकार बाजूला सारून, कर लादला. १९२४ ला मात्र दर परत १ रुपया ४ आण्यांवर आला.

निव्वळ शोभेच्या सभागृहाला सरकार तीन वर्षं इतकं का वचकून होतं? कारण मतदानाच्या दिवशी सभासदांच्या हातात जे आकडे असत, ते सरकारच्याच तोंडून आधीच्या महिन्यांत वदवून घेतलेले असत. माणशी वर्षाला साधारण सहा शेर मीठ धरा. दुप्पट कर म्हणजे माणशी तीन आणे जास्त, पाच माणसांच्या घराला पंधरा आणे. चार-पाच आणे रोजाच्या मजुराची ही तीन-चार दिवसांची मजुरी झाली. 'फक्त तीन आणे' हा युक्तिवाद सरकारचा आणि 'चार दिवसांची मजुरी' हा विरोधकांचा, पण आकडा एकच, आणि तो सरकारी कागदावरचा.


खडूस वकील

मांडणी छान आहे, पण तुम्ही मतदानाचं श्रेय प्रश्नाला देताय. १९२२ ला वाढ फेटाळली ती मतांनी, तारांकित प्रश्नाने नव्हे. आणि १९२३ ला काय झालं ते तुम्हीच लिहिलंय. भारत सरकार कायद्याचं कलम ६७ ब, म्हणजे प्रमाणित करण्याचा हा अधिकार, हातात असताना सरकारला सभागृहाची गरजच नव्हती.

पुढची यादी बघा. सप्टेंबर १९३१ मध्ये शूस्टरने वर्षाच्या मधेच पुरवणी अंदाजपत्रक आणलं. २५ टक्के अधिभार. मीठ १ रुपया ४ आण्यांवरून १ रुपया ९ आणे. कार्ड अर्ध्या आण्यावरून ९ पै, पत्र एका आण्यावरून सव्वा आणा. सभागृहाने काटछाट केली, लॉर्ड विलिंग्डनने विधेयक जसंच्या तसं प्रमाणित केलं. १९३५ ते १९३८ दर वर्षी वित्त विधेयकाची तीच गत. पहिल्या महायुद्धाच्या काळात पाव आण्याला मिळणारं कार्ड १९२२ ला अर्ध्या आण्याला झालं, १९३१ ला पाऊण आण्याला. दहा वर्षांत तिप्पट. या कार्डावर किती वेळा प्रश्न विचारले गेले असतील ते मोजा, आणि किंमत किती पैंनी उतरली ते मला सांगा.

कापडावरच्या अबकारीचंही तेच. १८९६ पासून साडेतीन टक्के. तिच्याविरुद्ध ठराव झाले, प्रश्न झाले, सरकार 'परिस्थिती सुधारल्यावर पाहू' म्हणत राहिलं. ती उठली कशी? १९२५ ला मुंबईच्या मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात केली, सप्टेंबरच्या मध्यापासून गिरण्या बंद पडल्या, अडीच महिने संप चालला, आणि १ डिसेंबरपासून व्हाइसरॉयने वटहुकमाने अबकारी स्थगित केली. मजुरीची कपातही मागे घेतली गेली. पुढच्या वर्षी अबकारी कायमची रद्द. एकोणतीस वर्षांच्या भाषणांना जे जमलं नाही ते गिरणगावच्या बंद भोंग्यांनी अडीच महिन्यांत केलं.


आणेवारी

संपाचा धक्का मोठा होता, कबूल. पण व्हाइसरॉयच्या हातात मालकांना द्यायला नेमकी तीच सवलत तयार का होती? जकात का कमी-जास्त केली नाही, गिरण्यांना कर्ज का दिलं नाही? अबकारी अन्याय्य आहे हे सरकार स्वतःच सभागृहात तत्त्वतः मान्य करून बसलं होतं, अडचण फक्त महसुलाची सांगत होतं. ते मान्य करून घेणं हेच प्रश्नोत्तरांचं काम. एकदा 'तत्त्वतः मान्य' छापलं गेलं की मागे फिरायला वाट उरत नाही.

प्रश्न फुकट जातो तो बहुधा मांडणी चुकल्यामुळे. आजच्या विधानसभेचा साचा सगळ्यांना ठाऊक आहे: '(१) अमुक झाले हे खरे आहे काय? (२) असल्यास, किती? (३) त्यावर शासनाने कोणती कार्यवाही केली?' हा साचा तेव्हापासूनचा आहे आणि त्यातला खड्डाही तेव्हापासूनचा. पहिल्या भागात एक शब्द जरी जास्तीचा घातला, म्हणजे 'तिसऱ्या वर्गाच्या डब्यात नेहमीच दुप्पट माणसं कोंबली जातात हे खरे आहे काय' असं लिहिलं, की उत्तर येतं: '(१) नाही. (२) व (३) उद्भवत नाहीत.' 'नेहमीच' या एका शब्दावर अख्खा प्रश्न कापला. जाणता सभासद पहिल्या भागात आरोप करतच नसे. तो सरळ तक्ता मागे: गेल्या तीन वर्षांत अमुक रेल्वेवर तिसऱ्या वर्गाचे प्रवासी किती, त्यांच्याकडून उत्पन्न किती, त्यांच्या डब्यांवर खर्च किती, पहिल्या वर्गाचे हेच तीन आकडे किती. याला 'नाही' असं उत्तर देता येत नाही. तक्ता पटलावर ठेवावा लागतो, आणि तक्ता बोलतो.

ना. म. जोशींचं उदाहरण घ्या. कामगारांच्या वतीने सरकारने नेमलेले सभासद, निवडून आलेले नव्हेत. तरी कामगारांच्या बाजूने सर्वांत चिवटपणे सरकारला धरणाऱ्यांत त्यांचं नाव येतं. पोलादाला संरक्षण देण्याचं, म्हणजे परदेशी पोलादावर जादा जकात बसवण्याचं, विधेयक १९२४ ला आलं, तेव्हा संरक्षणाचा पैसा गिऱ्हाइकाकडून जाणार तर कामगाराच्या पदरात काय, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. 'नेमलेले म्हणजे होयबा' हे गणित तिथे चुकतं.


वऱ्हाडी कापूस

तुम्ही दोघं मुंबईच्या चष्म्यातून पाहता. कर रद्द झाला की जिंकलं, नाही झाला की हरलं. व्यापारी धोरणावरच्या प्रश्नांत खरी ओढाताण सरकार आणि सभागृह यांच्यात नव्हती, सभासदा-सभासदांतच होती.

रुपयाचा भाव घ्या. १९२६ ला चलनावरच्या हिल्टन यंग आयोगाने रुपयाला १ शिलिंग ६ पेन्सचा भाव सुचवला (१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड); आयोगातल्याच पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमत नोंदवून १ शिलिंग ४ पेन्स मागितला. शेतकऱ्याच्या हिशेबात याचा अर्थ असा: एका पौंडाचा कापूस परदेशी विकला तर १६ पेन्सच्या भावाने १५ रुपये हातात, १८ पेन्सच्या भावाने १३ रुपये ५ आणे ४ पै. नऊ भागांतला एक भाग गेला. सारा मात्र रुपयांतच द्यायचा, सावकाराचं व्याजही रुपयांतच. उलट मँचेस्टरचं कापड आणणाऱ्याला तोच माल तेवढ्याने स्वस्त. जमनादास मेहतांनी १८ पेन्सच्या भावाविरुद्ध रान उठवलं. मार्च १९२७ मध्ये त्याच भावाचं विधेयक ६८ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं. तीन मतं! नेमलेल्यांचा गठ्ठा बाजूला काढला तर निकाल काय लागला असता ते सांगायला नको.

आता १९३३. तेव्हा काँग्रेस सभागृहाबाहेर होती, त्यामुळे या काळाकडे कुणी फारसं बघत नाही. व्यापाराचे सगळ्यांत मोठे निर्णय मात्र याच दोन वर्षांतले. जपानी येन घसरला, जपानी कापड स्वस्तात येऊ लागलं. ब्रिटिशेतर कापडावरची जकात ऑगस्ट १९३२ मध्ये ५० टक्के, जून १९३३ मध्ये ७५ टक्के केली. गिरणीमालक खूश. जपानच्या गिरण्यांनी उत्तर म्हणून हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला. वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस घेणारं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तेच. लँकेशायरच्या यंत्रांना लांब धागा लागतो, तो अमेरिकेचा. म्हणजे संरक्षण मुंबईला, भुर्दंड अकोल्याला.

शेवटी सिमल्यात बोलणी होऊन जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला. जकात पुन्हा ५० टक्के, आणि सांगड अशी: जपानने १० लाख गाठी कापूस घेतला तर ३२.५ कोटी वार कापड आणता येईल; १५ लाख गाठी घेतल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी वार. कापूस कमी उचलला तर कापडाचा कोटाही कमी. वाणिज्य सभासद सर जोसेफ भोर यांना यावर विचारण्यासारखे खरे प्रश्न हे होते: गाठ किती पौंडांची धरणार? गाठी मोजायच्या कुठे, मुंबईच्या गोदीत की कोबेत? वर्ष कापसाचं वेगळं आणि कापडाचं वेगळं का? बारीक वाटतात, पण शेतकऱ्याच्या कापसाला गिऱ्हाईक कधी येणार हे त्यावरच ठरतं. कापसाचा हंगाम संपल्यावर कोट्याची आठवण झाली तर माल तोवर व्यापाऱ्याच्या वखारीत गेलेला असतो.

कार्ड पैने उतरलं का, एवढ्यावर या सभागृहाला मार्क देऊ नका.


खडूस वकील

माझाच मुद्दा पक्का केलात. सिमल्याचा तोडगा बंद दाराआड ठरला. लँकेशायरशी ऑक्टोबर १९३३ मध्ये झालेला मोदी-लीज करार तर दोन खाजगी संघटनांमधला. मुंबईचे गिरणीमालक आणि मँचेस्टरचं शिष्टमंडळ. सभागृहाला कळलं ते सगळं झाल्यावर. प्रश्न विचारायचा कुणाला?


गिरणगावकर

वेस्टमिन्स्टरशी, म्हणजे ब्रिटिश संसदेशी, तुलना केल्याशिवाय हा वाद पुढे जाणार नाही. तिथे तर सरकार सभागृहाला पुरतं जबाबदार होतं. मग तिथल्या प्रश्नांनी सरकारं हलत होती का?

तिथल्या निवडून आलेल्या सभागृहात, कॉमन्समध्ये, सोमवार ते गुरुवार दुपारी पावणेतीनच्या सुमारास प्रश्न सुरू होत आणि पावणेचारला तास संपे. प्रश्नांचा लोंढा इतका की एका सभासदाला दिवसाला किती तारांकित प्रश्न द्यायचे यावर मर्यादा घालावी लागली: आधी ८, मग ४, १९२० पासून ३. ज्याचा प्रश्न तासात आला नाही त्याला छापील उत्तर. खाती पाळीपाळीने, म्हणजे ज्याचं खातं पाळीत मागे त्याच्यावरचे प्रश्न त्या दिवशी तोंडी येतच नसत.

तिथलं एकच उदाहरण देतो, कारण ते थेट परळ-लालबागशी जोडलेलं आहे: राहणीमान खर्चाचा निर्देशांक. ब्रिटिश कामगार खात्याचा निर्देशांक जुलै १९१४ = १०० धरून होता. त्यातले भार, म्हणजे कुठल्या खर्चाला किती वजन द्यायचं ते, १९०४ च्या कुटुंब-पाहणीवरून घेतलेले: अन्न ६० टक्के, भाडं १६, कपडे १२, सरपण-दिवाबत्ती ८, बाकी सगळं मिळून ४. मेणबत्ती त्यात होती, वीज नव्हती. वीस वर्षांत घरं बदलली, खाणं बदललं, पण भार तेच. मजुरी या आकड्याला बांधलेली, म्हणून सभासद पुन्हा पुन्हा विचारत की नवी पाहणी कधी करणार. खर्च परवडत नाही, काळ स्थिर नाही, तुलना तुटेल, अशी उत्तरं येत राहिली. नवी पाहणी झाली १९३७-३८ ला, आणि निर्देशांक बदलला थेट १९४७ ला. पूर्ण जबाबदार सरकार असलेल्या देशात हे.

आता मुंबई. प्रांतिक सरकारचं लेबर ऑफिस १९२१ ला निघालं, सप्टेंबरपासून 'लेबर गॅझेट' हे मासिक सुरू झालं आणि त्यात मुंबईचा निर्देशांक छापू लागले. पायाभूत महिना तोच, जुलै १९१४. यातले भार तर कामगारांच्या घरखर्चावरून नव्हे, धान्याच्या आणि मालाच्या एकूण खपाच्या अंदाजावरून काढलेले. चाळीत राहणारा विणकर दूध किती घेतो, रॉकेल किती जाळतो, गावी पैसे किती धाडतो, हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून जेव्हा ज्वारी-तांदूळ उतरले आणि निर्देशांक कोसळला, तेव्हा मालक म्हणाले मजुरी कापा, आणि कामगार म्हणाला माझं भाडं तर तेवढंच आहे. आकडा खोटा नव्हता, तो दुसऱ्याच कुणाचा तरी खर्च मोजत होता. १९३२-३३ च्या कुटुंब-पाहणीवर आधारलेला नवा निर्देशांक १९३७ मध्ये आला.

लंडनमध्ये विलंब तेहतीस-चौतीस वर्षांचा, मुंबईत सोळा वर्षांचा. तेव्हा 'सरकार जबाबदार नव्हतं म्हणून प्रश्न निरुपयोगी' हे सूत्र कशाला लागू पडतं ते मला कळत नाही.


पाणपोई

प्रांतांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मुंबई कौन्सिलात, म्हणजे प्रांताच्या विधिमंडळात, खरे मंत्री होते, पण द्विदल पद्धतीत. शिक्षण, शेती, स्थानिक स्वराज्य, अबकारी (इथे दारूवरची) ही 'सोपीव' खाती मंत्र्यांकडे. पोलीस, जमीन महसूल, पाटबंधारे ही 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी सभासदांकडे. मुंबई प्रांतात जंगल खातंही सोपीव होतं, ते बहुतेक प्रांतांत राखीव असे. त्यामुळे एकाच गावच्या तक्रारीचे तुकडे पडत. गुरचराईची फी मंत्र्याला विचारा, गावठाणाचा सारा कार्यकारी सभासदाला, आणि पैशांचं काही निघालं तर वित्त पुन्हा राखीव. मंत्री हात वर करायला मोकळा.

दारूचं धोरण हे त्यातलं नमुनेदार उदाहरण. १९२२ पासून सरकारने दुकानांना मिळणाऱ्या देशी दारूचं रेशनिंग सुरू केलं: १९२०-२१ चा खप धरून मुंबई शहरात दर वर्षी १० टक्के आणि बाहेर ५ टक्के कपात. वर्षाखेर छापायला झकास आकडा, इतके गॅलन खप घटला. पण कपात दुकानातल्या दारूची होती, पिण्याची नव्हे. गावोगाव हातभट्ट्या लागल्या. कौन्सिलातला प्रश्न फक्त 'खप किती' असा असेल तर उत्तर मंत्र्याच्या सोयीचं. त्याच्याच शेजारी 'त्याच तालुक्यात बेकायदा गाळपाचे खटले किती' हा प्रश्न ठेवला की दोन रांगा उलट्या दिशेने धावताना दिसतात. आणि तिसरी रांग महसुलाची, कारण मंत्र्याचं शिक्षण खातं याच अबकारीच्या पैशावर जगत होतं. दारू बंद केली तर शाळा कशावर चालवायच्या, हा पेच प्रश्नोत्तरांतच उघडा पडला.

पण वकीलसाहेबांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. सी. के. बोले यांचा ठराव: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. ४ ऑगस्ट १९२३ ला कौन्सिलाने मंजूर केला. सप्टेंबरमध्ये सरकारने खात्यांना तशी सूचना धाडली. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. पाणी मात्र कुणी भरू शकलं नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांना दुसरा ठराव आणावा लागला, की जी स्थानिक मंडळं हे पाळत नाहीत त्यांचं अनुदान थांबवा. त्यानेही काही झालं नाही. मार्च १९२७ मध्ये लोक चालत तळ्यावर गेले तेव्हा काय ते झालं. अंमलबजावणी ज्या मंडळांकडे, त्यांच्यावर मंत्र्याचा अधिकार कागदी. 'किती मंडळांनी ठराव पाळला' या प्रश्नाला उत्तर येई ते मंडळांनीच पाठवलेलं. ज्याने दार लावलं त्यालाच विचारायचं की दार उघडं आहे का.


आणेवारी

पाणपोई, बोल्यांचं उदाहरण बिनतोड आहे. फक्त त्याच कौन्सिलातलं दुसरंही ठेवा. बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक जोशींनी दिल्लीत १९२४ ला आणलं, ते पडलं. तेच मुंबई कौन्सिलात रा. स. असवले यांनी आणलं, आंबेडकरांनी १९२८ ला त्याच्या बाजूने भाषण केलं, आणि १९२९ ला कायदा झाला. बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. म्हणजे ४९ दिवसांचे साडेचोवीस रुपये. दिल्लीतल्या हरलेल्या वादात गोळा झालेले मुद्दे मुंबईत कामाला आले.


खडूस वकील

कायदा, ठराव, मतदान. पुन्हा तेच. प्रश्न कुठाय?


फडताळ

वाद बाजूला ठेवून, ज्यांना स्वतः ताडून बघायचंय त्यांच्यासाठी. विधानसभेचे कामकाजाचे खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात चाळता येतात. पण शोध-खिडकीत 'सॉल्ट' टाकून बसू नका. स्कॅनवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात आणे-पैचे आकडे हमखास फुटतात; १-४-० चं १४० होतं. खंडाच्या शेवटची सूची उघडा, विषयाखाली 'प्रश्न' असा पोटमथळा असतो, तिथून पान गाठा. प्रश्नांचे क्रमांक दर अधिवेशनाला नव्याने सुरू होतात, म्हणून नुसता क्रमांक टिपून ठेवलात तर फसाल; तारीख हवीच. अतारांकित प्रश्न तारांकितांच्या मागे लागतात, आणि सगळ्यांत कामाची गोष्ट, म्हणजे 'माहिती मागवली आहे' म्हटलेल्या प्रश्नांची उत्तरं, महिन्या-दोन महिन्यांनी भलत्याच पानावर 'पटलावर ठेवलेली निवेदनं' म्हणून येतात. ती न बघता 'सरकारने उत्तरच दिलं नाही' असं लिहिणारे पुष्कळ आहेत.

एक नमुना म्हणून काडेपेटी धरून खाली या. १९२१ ला आयात जकात ग्रोसला १२ आणे. ग्रोस म्हणजे १४४ पेट्या, त्यामुळे पेटीला बरोबर १ पै. १९२२ ला जकात दुप्पट, १ रुपया ८ आणे, म्हणजे पेटीला २ पै. हेतू निव्वळ महसुलाचा. पण एवढ्या भिंतीआड इथेच काड्या करणं परवडू लागलं. मुंबईच्या बाजूला कारखाने निघाले ते परदेशाहून बिनगुलाच्या काड्या आणि पेटीच्या पातळ पट्ट्या आणून, इथे फक्त गुल लावून पेट्या भरणारे. तयार पेटीवर जकात जबर, सुट्या काड्यांवर हलकी, मग दुसरं काय होणार? १९२४ ला काड्या-पट्ट्यांवरही जकात बसवावी लागली. स्वीडिश कंपनीने तर अंबरनाथला कारखानाच थाटला. १९२८ ला या जकातीला संरक्षणाचं रूप दिलं, तोवर सरकारचा महसूल आटत आला होता. म्हणून १९३४ ला देशी काडेपेटीवरच अबकारी. गिऱ्हाइकाच्या खिशातून पैसा दोन्ही वेळा गेला, फक्त खातं बदललं. ही साखळी मला कुठल्या एका भाषणात सापडणार नाही, सात-आठ अधिवेशनांतल्या सुट्या उत्तरांतूनच जुळते.


वऱ्हाडी कापूस

साखरेचीही हीच चाल. १९३१-३२ ला संरक्षण, हंड्रेडवेटला (११२ पौंडांना) ७ रुपये ४ आणे जकात, वर २५ टक्के अधिभार १ रुपया १३ आणे, एकूण ९ रुपये १ आणा. शेराला अडीच आण्यांहून थोडं जास्तच. तिशीच्या आसपास असलेले कारखाने पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले, जावाची साखर बंद झाल्यात जमा, आणि सरकारची जकात गेली. १९३४ ला १ रुपया ५ आण्यांची अबकारी आलीच. त्याच वर्षी प्रांतांना उसाचा किमान भाव ठरवायची मुभा देणारा कायदा झाला, त्याचा उपयोग संयुक्त प्रांत-बिहारात झाला, कारण तिथे कारखाना ऊस शेतकऱ्याकडून घेतो. दख्खनच्या कालव्यांवर कारखान्यांच्या स्वतःच्या शेतजमिनी. तिथे किमान भाव द्यायचा कुणी कुणाला? आणि गुळवाला तर या हिशेबात कुठेच नाही. त्याच्यावर प्रश्न विचारणारा मला तरी क्वचितच दिसतो.


गिरणगावकर

वकीलसाहेबांना प्रश्नच हवा असेल तर १९३५ नंतरचे सत्यमूर्ती वाचा. काँग्रेस सभागृहात परतली, भुलाभाई देसाई नेते, आणि प्रश्नांच्या तासाला सत्यमूर्ती. मूळ प्रश्न कुणाचाही असो, उपप्रश्न यांचे. ओटावा करार हे चांगलं उदाहरण. १९३२ च्या अखेरीस सभागृहाने तो मान्य केला होता, ब्रिटिश मालाला बहुतेक जिनसांवर १० टक्के झुकतं माप. तीन वर्षांनी फायदा कुणाला झाला याचे तक्ते निघाले, आणि मार्च १९३६ मध्ये सभागृहाने तो मोडायचा कौल दिला. सरकारने ब्रिटनला रीतसर नोटीस दिली. प्रमाणपत्र काढून करार वाचवला नाही.


खडूस वकील

नोटीस दिली, आणि सवलती पुढे तीन वर्षं तशाच चालू ठेवल्या! नवा करार १९३९ ला आणला, सभागृहाने तोही फेटाळला, सरकारने तरीही लागू केला. सत्यमूर्तींचे उपप्रश्न मी आवडीने वाचतो, ग्रिगला घाम फोडणारे आहेत. पण १९३९ च्या एप्रिलमध्ये मुंबई बंदरात ब्रिटिश मालावर जी जकात घेतली गेली, ती सभागृहाच्या कौलाप्रमाणे नव्हती.


आणेवारी

पण त्याच १९३९ च्या करारात लँकेशायरच्या कापडावरची जकात लँकेशायर हिंदुस्थानचा कापूस किती उचलतो याला बांधली होती, जपानच्या करारासारखीच. ओटाव्यात तसं कलम नव्हतं. ते १९३९ ला कुठून आलं, हे १९३३ ते १९३८ च्या वाणिज्य खात्याच्या उत्तरांत शोधा. फडताळ यांनी सांगितलेल्या रीतीने, सूचीतून. 'कापूस, निर्यात' या मथळ्यापासून सुरुवात करा, आणि पटलावरच्या निवेदनांची पानं वगळू नका.